नांदेड व लातूर जिल्ह्यांतील वन्यजीव आणि पक्षीनिरीक्षण

'''नांदेड''' आणि '''लातूर''' हे महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागाच्या पूर्व व आग्नेय भागातील परस्परांना लागून असलेले जिल्हे आहेत. नांदेडच्या उत्तरेकडील पैनगंगा खोऱ्यात सागाची पानझडी वने असून तेथे पैनगंगा अभयारण्याचा काही भाग येतो. लातूर जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य नाही आणि राज्यातील सर्वांत कमी वनक्षेत्राच्या जिल्ह्यांत त्याची गणना होते. या दोन जिल्ह्यांतील बरेचसे वन्यजीवन संरक्षित क्षेत्राबाहेर, म्हणजे धरणांच्या जलाशयांवर, माळरानांवर, गायरानांत आणि शेतशिवारात आढळते. त्यामुळे येथील पक्षीनिरीक्षण आणि वन्यजीव संवर्धन हे दोन्ही विषय पाणी, चराई व पीकपद्धती यांच्याशी निगडित आहेत.

## भौगोलिक पार्श्वभूमी

नांदेड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,५२८ चौ.किमी. आणि लातूरचे ७,१५७ चौ.किमी. आहे. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या सुमारे ५८ लाख होती. बहुतेक भूभाग दख्खनच्या पठाराचा असून नदीकाठी काळी कसदार जमीन, तर उंच भागात मुरमाड व खडकाळ माळ आढळतो. लातूर जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटच्या पठारावर वसलेला आहे.

गोदावरी ही नांदेड जिल्ह्याची मुख्य नदी होय. उत्तर सीमेवरील पैनगंगा नदी बऱ्याच अंतरापर्यंत मराठवाडा व विदर्भ यांची सीमा ठरवते. मन्याड, लेंडी व आसना या नांदेडमधील अन्य नद्या आहेत. लातूर जिल्ह्यातून मांजरा, तेरणा, तावरजा, घरणी व तिरू या नद्या वाहतात. मांजरा पुढे कर्नाटक व तेलंगणातून जाऊन गोदावरीस मिळते.

पर्जन्यमान सर्वत्र सारखे नाही. किनवट व माहूर भागात पाऊस तुलनेने अधिक पडतो, तर लातूरच्या पठारावर तो कमी व अनिश्चित असतो. पूर्वेकडील दाट पानझडी वनापासून पश्चिमेकडील उघड्या माळापर्यंत दिसणारा फरक मुख्यतः पाऊस व जमीन यांतील या भिन्नतेमुळे निर्माण झाला आहे.

## इतिहास

१९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाचे पक्षी सर्वेक्षण केले. त्याचा वृत्तांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मराठवाड्यासह दख्खनच्या पठारावरील पक्ष्यांच्या पद्धतशीर नोंदींचा हा महत्त्वाचा आरंभ मानला जातो.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला. त्याच वेळी आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका नांदेडला जोडण्यात आला. आजच्या नांदेड जिल्ह्यातील वनसंपन्न भाग प्रामुख्याने याच पट्ट्यात आहे. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला.

स्वातंत्र्योत्तर काळात सिंचनासाठी बांधलेल्या धरणांमुळे या कोरडवाहू प्रदेशात मोठे जलाशय निर्माण झाले. जेथे पूर्वी नदीचे डोह व गावतळी एवढाच पाण्याचा आधार होता, तेथे पाणपक्ष्यांसाठी विस्तृत अधिवास उपलब्ध झाला. या भागातील स्थलांतरित पाणपक्ष्यांचे निरीक्षण आज प्रामुख्याने अशा मानवनिर्मित जलाशयांवर होते.

## अधिवास

### पैनगंगा खोरे आणि किनवट–माहूरची वने

पैनगंगा अभयारण्य यवतमाळ व नांदेड या दोन जिल्ह्यांत पैनगंगा नदीच्या काठाने पसरलेले आहे. त्याचे क्षेत्र सुमारे ३२५ चौ.किमी. आहे. येथील वन दक्षिण उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी प्रकारचे असून सागाबरोबर धावडा, मोह, तेंदू, पळस, सालई व बांबू आढळतात. किनवट व माहूर तालुक्यांत गोंड, कोलाम व आंध या आदिवासी समाजांची वस्ती आहे. मोहफुले, तेंदूपाने व डिंक यांसारख्या गौण वनोपजांवर त्यांच्या उपजीविकेचा काही भाग अवलंबून असतो.

पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधबा आणि माहूरगडाचा परिसर ही या पट्ट्यातील परिचित ठिकाणे आहेत. वनात राखी धनेश, सुतार, तांबट, हळद्या, निखार, स्वर्गीय नर्तक व तुरेवाला सर्पगरुड हे पक्षी दिसतात. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी वड, पिंपळ व उंबराला फळे आली असता थव्याने आढळतो.

### नद्या व जलाशय

नांदेड शहरालगत गोदावरीवर विष्णुपुरी प्रकल्प असून त्याचा जलाशय शंकरसागर या नावाने ओळखला जातो. लोहा तालुक्यातील लिंबोटी येथे ऊर्ध्व मन्याड आणि कंधार तालुक्यातील बारूळ येथे निम्न मन्याड हे प्रकल्प आहेत. कंधार येथील जगत्तुंग समुद्र हा राष्ट्रकूटकालीन तलाव या प्रदेशातील जुन्या जलव्यवस्थापनाची साक्ष देतो. लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण बीड जिल्ह्यातील धनेगाव येथे आहे.

खोल पाण्यात पाणकावळे व बदके आढळतात. उथळ काठावर चित्रबलाक, उघड्या चोचीचा करकोचा, चमचा, पांढरा शराटी व शेकाट्या हे पक्षी अन्न शोधतात. पाणी ओसरू लागल्यावर उघड्या पडणाऱ्या चिखलात तुतारी व चिखल्या जातीचे छोटे पक्षी उतरतात. नदीपात्रातील वाळूच्या बेटांवर नदी सुरय आणि टिटवी घरटी करतात. जलाशय काठोकाठ भरलेला असताना उथळ काठ कमी उरतो. म्हणून हिवाळ्याच्या उत्तरार्धात, पाणी काहीसे उतरल्यावर, चिखलात चरणारे पक्षी अधिक प्रमाणात दिसतात.

### माळराने आणि बेटे

पठारावरील खुरटे गवत, बोरी व बाभळीची विरळ झुडपे असलेला माळ हा स्वतंत्र परिसंस्थेचा प्रकार आहे. चंडोल, डोंबारी, पखुर्डी, धाविक, राखी तित्तर व खाटीक हे येथील वैशिष्ट्यपूर्ण पक्षी होत. हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून उडत उंदीर, टोळ व लहान पक्षी टिपतात. रात्री ते उंच गवतात जमिनीवरच विसावतात. गवत नसल्यास त्यांना भक्ष्य मिळते, परंतु मुक्कामाची जागा मिळत नाही.

माळरान व पशुपालन यांचा येथे जुना संबंध आहे. कंधार परिसरावरून नाव पडलेली लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यातील देवणीवरून ओळखली जाणारी देवणी या गोवंशाच्या दोन नामांकित जाती याच प्रदेशातील आहेत. मर्यादित चराईमुळे गवत खुरटे राहते व उघड्या जागेवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांना ते उपयुक्त ठरते. अतिचराई झाल्यास मात्र घरट्यांचा आडोसा नाहीसा होतो.

स्थानिक बोलीत सपाट प्रदेशात सुट्या उभ्या असलेल्या टेकडीला ‘बेट’ म्हणतात. चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथ येथील संजीवनी बेट औषधी वनस्पतींसाठी, तर उदगीर तालुक्यातील हत्तीबेट ऐतिहासिक स्थळ म्हणून प्रसिद्ध आहे. चहूबाजूंनी शेती असलेल्या प्रदेशात अशा टेकड्यांवरील झुडपी रान मोर, ससा, खोकड व लहान पक्ष्यांना आसरा देते.

### शेतशिवार

ज्वारी, तूर, हरभरा, करडई, कापूस व सोयाबीन ही येथील मुख्य पिके आहेत. बांधावरील बाभूळ, लिंब व बोरीची झाडे, विहिरीवर झुकलेल्या फांद्या आणि ओढ्याकाठची शिंदी यांवर सुगरण, वेडा राघू, कोतवाल, नीलपंख व होला यांचा वावर असतो.

हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर उतरणारे भोरड्यांचे थवे शेतकऱ्यांच्या विशेष परिचयाचे आहेत. मध्य आशिया व पूर्व युरोपात वीण करणारा हा पक्षी हिवाळा भारतात घालवतो. कणसात दाणा भरू लागला की माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकण्याची रीत त्यामुळेच रूढ झाली. हाच पक्षी टोळ व नाकतोडे मोठ्या प्रमाणात खातो. पळस व पांगारा फुलले की मधासाठी त्यांवर येत असल्याने त्याला पळसमैना असेही म्हणतात.

## सस्तन प्राणी

किनवट–पैनगंगा पट्ट्यात बिबट्या, अस्वल, सांबर, चितळ, चौशिंगा, रानडुक्कर व साळिंदर आढळतात. पठारी भागात काळवीट, रोही म्हणजे नीलगाय, लांडगा, कोल्हा व खोकड हे प्राणी दिसतात. माळरानावरील लांडग्याचा धनगरांच्या मेंढवाड्यांशी जुना संबंध आहे. नैसर्गिक भक्ष्य घटल्यास तो शेळ्या-मेंढ्यांवर अधिक अवलंबून राहतो.

### वाघांचा संचार

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्य, पैनगंगा अभयारण्य आणि तेलंगणातील कवल व्याघ्र प्रकल्प यांच्यामधील वनपट्टे वाघांच्या स्थलांतरासाठी महत्त्वाचे आहेत. टिपेश्वरमध्ये जन्मलेल्या व रेडिओ कॉलर लावलेल्या एका तरुण नर वाघाने २०१९ मध्ये सुमारे १,३०० किमी. प्रवास करून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्य गाठले. या प्रवासात त्याने आदिलाबाद, किनवटची वने, पैनगंगा अभयारण्य व हिंगोली जिल्हा पार केला. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक नर वाघ धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात आढळला.

नर वाघ वयात आल्यावर स्वतःचे क्षेत्र शोधण्यासाठी जन्मस्थान सोडतात. टिपेश्वर अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौ.किमी. एवढेच असल्याने तेथील तरुण वाघांना बाहेर पडणे भाग असते. असे वाघ बव्हंशी रात्री, ओढे, नाले, उसाचे फड व झुडपी टेकड्यांचा आडोसा घेत पुढे सरकतात. अभयारण्याबाहेरील ओढ्याकाठचे झुडपी रान राखणे किती आवश्यक आहे, हे या दोन प्रवासांवरून दिसून येते.

## ऋतुमान

* '''जून ते सप्टेंबर:''' पावसाच्या आगमनाबरोबर चातक दिसू लागतो. वनात नवरंग पक्ष्याची शीळ ऐकू येते. सुगरण, तित्तर व मोर यांचा हा विणीचा हंगाम होय. अभयारण्यातील पर्यटन या काळात सामान्यतः बंद असते.
* '''ऑक्टोबर ते नोव्हेंबर:''' हिवाळी पाहुण्यांचे आगमन सुरू होते. धोबी, भोवत्या व बदके यांचे पहिले थवे येतात.
* '''डिसेंबर ते फेब्रुवारी:''' जलाशयांवर तलवार बदक, थापट्या बदक, चक्रवाक व चांदवा यांची संख्या वाढते. पक्षीनिरीक्षणासाठी हा सर्वांत सोयीचा काळ मानला जातो.
* '''मार्च ते मे:''' स्थलांतरित पक्षी परततात. पानगळीमुळे वनातील प्राणी दृष्टीस पडणे सोपे जाते व पाणवठ्यावर त्यांची वर्दळ वाढते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून पाणवठ्यावरील प्राण्यांची नोंद करण्याची प्रथा राज्यातील वनक्षेत्रांत रूढ आहे.

## आफ्रिकेतील राष्ट्रीय उद्यानांशी तुलना

वन्यजीव पर्यटन म्हटले की आफ्रिकेतील सेरेंगेटी, मसाई मारा किंवा क्रुगर यांसारख्या उद्यानांचे चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर येते. दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यान १९२६ साली स्थापन झाले असून त्याचे क्षेत्र सुमारे १९,५०० चौ.किमी. आहे. नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांच्या एकत्रित क्षेत्रापेक्षाही ते मोठे आहे. तेथे पाचशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. पर्यटक ठरावीक रस्त्यांवरून वाहनात बसून निरीक्षण करतात आणि मुक्कामासाठी कुंपण घातलेली निवासस्थाने असतात.

नांदेड–लातूरमध्ये जवळपास तेवढ्याच भूभागावर लाखो लोक शेती करतात आणि त्याच जमिनीवर वन्यजीवही राहतात. त्यामुळे एका फेरीत मोठ्या प्राण्यांचे कळप दिसण्याची अपेक्षा येथे ठेवता येत नाही. उलट येथील निरीक्षण पायी, मोकळ्या जागी व प्रवेशशुल्काविना करता येते. आफ्रिकेत मुख्य प्रश्न उद्यानाच्या सीमेवरील संघर्षाचा असतो, तर येथे अशी स्पष्ट सीमाच बहुतेक ठिकाणी नाही.

पक्ष्यांच्या स्थलांतरामुळे हे दोन प्रदेश परस्परांशी जोडलेले आहेत. भारतात पावसाळ्यात येणारा चातक आफ्रिकेतून येतो असे मानले जाते. आग्नेय सायबेरिया व उत्तर चीनमध्ये वीण करणारा अमूर ससाणा ईशान्य भारतातून, पुढे द्वीपकल्प व अरबी समुद्र ओलांडून, दक्षिण आफ्रिकेकडे जातो. माँटेग्यूच्या भोवत्यांपैकी पश्चिमेकडील पक्षी आफ्रिकेत, तर पूर्वेकडील पक्षी भारतीय माळरानांवर हिवाळा घालवतात.

## निरीक्षणाची पद्धत व सोयी

नांदेड हे रेल्वे व विमानसेवेने जोडलेले शहर आहे. किनवट हे स्थानक मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावर आहे. तुळजापूर–नागपूर राष्ट्रीय महामार्ग औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा व नांदेड या गावांवरून जातो.

जलाशयावर सूर्य पाठीशी राहील अशा बाजूने, सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांत निरीक्षण करणे उपयुक्त ठरते. आठ किंवा दहा पट वर्धनाची दुर्बीण, मातकट रंगाचे कपडे, नोंदवही आणि पिण्याचे पाणी एवढे साहित्य पुरेसे असते. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांजवळ फार वेळ थांबल्यास कावळे व मुंगूस यांना घरट्याचा सुगावा लागतो. त्यामुळे विणीच्या काळात अंतर राखणे आवश्यक असते. उभ्या पिकातून जाताना शेतमालकाची, तर वनक्षेत्रात वनविभागाची परवानगी घ्यावी लागते.

पक्ष्यांच्या मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ हा महत्त्वाचा संदर्भग्रंथ आहे. चितमपल्ली (५ नोव्हेंबर) व सलीम अली (१२ नोव्हेंबर) यांच्या जयंतीनिमित्त महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. जानेवारीतील आशियाई पाणपक्षी गणना आणि फेब्रुवारीतील पक्षीगणना उपक्रम यांत विद्यार्थी व हौशी निरीक्षकांना सहभागी होता येते. एकाच तळ्याची दरवर्षी त्याच आठवड्यात केलेली मोजणी संख्येतील चढउतार समजण्यास विशेष उपयोगी पडते. नियमित नोंदी नसल्यास एखाद्या स्थळाचे महत्त्व शासनासमोर मांडणे अवघड जाते.

## संवर्धनापुढील प्रश्न

'''पाणी:''' जलाशय हे सिंचन व पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले असल्याने त्यांतील पाणीपातळी माणसांच्या गरजेनुसार बदलते. २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली पाणीगाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली. अशा वर्षी मासे, कवची प्राणी व पाणवनस्पती नष्ट होतात आणि पुन्हा पाऊस झाल्यावरही अन्नसाखळी पूर्ववत होण्यास वेळ लागतो.

'''गाळपेर:''' पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या सुपीक जमिनीवर गाळपेराची पिके घेतली जातात. अल्पभूधारक व धरणग्रस्त कुटुंबांना त्यांचा आधार असतो. मात्र चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांचा अधिवास नेमका तोच असतो. काठावरील काही पट्टा मोकळा ठेवणे आणि तेथे कीटकनाशकांचा वापर टाळणे हा यातील व्यवहार्य मध्यममार्ग मानला जातो.

'''माळरान:''' महसुली व नियोजनाच्या भाषेत माळरानाची गणना अनेकदा पडीक जमिनीत होते. त्यामुळे वृक्षलागवड, खाणकाम किंवा ऊर्जा प्रकल्पांसाठी ते सहज उपलब्ध समजले जाते. दाट वृक्षलागवड केलेल्या माळावर धाविक, पखुर्डी किंवा चंडोल टिकत नाहीत. मूळच्या गवताळ प्रदेशात झाडे लावणे हे नेहमीच संवर्धन ठरत नाही.

'''पीकहानी व अपघात:''' काळवीट, रोही व रानडुक्कर यांच्यामुळे होणाऱ्या पीकनुकसानीबद्दल राज्य शासनाकडून भरपाई देण्याची तरतूद आहे. तथापि कोवळ्या पिकाचे नुकसान झाल्यास दुबार पेरणीचा काळ निघून जातो आणि शेतकऱ्याचा संपूर्ण हंगाम धोक्यात येतो. कुंपणात सोडलेला वीजप्रवाह, कठडा नसलेल्या विहिरी आणि वेगवान रस्ते ही वन्यप्राण्यांच्या मृत्यूची कारणे आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे.

'''पीकबदल:''' गेल्या काही दशकांत ज्वारीचे क्षेत्र घटून सोयाबीनचे वाढले आहे. ज्वारीच्या कणसांवर पोसणाऱ्या पक्ष्यांचे अन्न आणि जनावरांचा कडबा ही दोन्ही त्यामुळे कमी झाली. कडबा कमी झाल्याने उरलेल्या गायरानांवरील चराईचा भार वाढतो आणि त्याचा परिणाम पुन्हा माळरानावरील पक्ष्यांवर होतो.

## हे सुद्धा पहा

* पैनगंगा अभयारण्य
* टिपेश्वर अभयारण्य
* जायकवाडी पक्षी अभयारण्य
* नायगाव मयूर अभयारण्य
* माळढोक पक्षी अभयारण्य
* क्रुगर राष्ट्रीय उद्यान